साळवेबाईंचा शनिवार

साळवेबाई गेल्या त्या शनिवारी दुपारी चार वाजता मी त्यांना माफ करायला तयार होऊन बसले होते. चहाचं आधण ठेवलं होतं, साडी बदलली होती, आणि चेहरासुद्धा ठरवून ठेवला होता... आधी जरा ताणायचं, 'जाऊ दे, आता काय बोलायचं' वगैरे म्हणायचं आणि त्यांचा चहा निम्मा झाला की मग मन मोठं करायचं. आठ दिवसांपूर्वी आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. ते माझ्या बहिणीवरून झालं होतं आणि त्यातलं शेवटचं, सगळ्यात वाईट वाक्य माझं होतं. पण त्याने काही बिघडत नव्हतं. आमच्या इमारतीत भांडण कोणीही उकरून काढलेलं असो, क्षमा मागायला साळवेबाईच यायच्या, असा अकरा वर्षांचा शिरस्ता होता. सव्वाचार झाले, साडेचार झाले, चहाचा काढा झाला. मी आमच्या ह्यांना म्हणाले की बघा, एवढं देवाचं करतात आणि ऐन वेळी दांडी मारतात. पेपरातून मान वर न काढता हे म्हणाले, "मग तू जा की." मी कशाला जाऊ? पाच वाजता बेल वाजली तेव्हा मी ठरवलेला चेहरा लावून दार उघडलं, तर समोर आमचे सेक्रेटरी परब उभे. बाई त्यांच्याकडे साडेतीनला जायच्या, माझ्या आधी. बाई आल्या नाहीत म्हणून ते बघायला गेले. दार उघडंच होतं. इस्त्रीची पांढरी साडी नेसून, पायांत चपला घालून, साळवेबाई निघायच्या तयारीत खुर्चीत बसलेल्या होत्या आणि गेलेल्या होत्या.

त्याला आता दीड महिना झाला. एस्तेर साळवे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, वडील खेड्यातल्या शाळेत मास्तर. सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून झालेली, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत मानपाडा रोडला आमच्या समोरचा ब्लॉक त्यांनी घेतला. नावाच्या पाटीवर छोटा क्रूस होता, तो बघून इमारतीत जी कुजबुज सुरू झाली तिच्यात मीही होते, उगाच सोवळेपणा कशाला दाखवू? ही बाई आता पत्रकं वाटणार, आजारी माणसांच्या उशाशी बसून बाटवाबाटवी करणार, असं आम्ही पक्कं ठरवून टाकलं होतं. महिनाभर कोणी त्यांच्यासाठी दार पुरतं उघडत नव्हतं. साखळी लावूनच बोलायचं. त्यांना ते कळत होतं. एवढी वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला कोण आपल्याला घाबरतंय हे लगेच कळतं.

मग एका शनिवारी चार वाजता माझी बेल वाजली. साळवेबाई दारात होत्या, हातात पत्रक नव्हतं. त्या म्हणाल्या, "सलाम, कुंदाताई. मंगळवारी जिन्यात तुम्ही मला वीस मिनिटं पाण्याच्या टाकीबद्दल सांगत होतात ना, तेव्हा मी मनात म्हणाले, काय ही गाढव बाई, हिच्या तोंडाला कुलूप कसं नाही. क्षमा करा." मी तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर काढली आहेत, लोकांनी काचेपलीकडून मला काय काय म्हटलंय. पण घरी येऊन, त्यांच्या मंडळीत नमस्काराऐवजी करतात तसा सलाम करून, शांतपणे गाढव म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होते. त्यांनी समजावून सांगितलं. त्यांच्या चर्चमध्ये, म्हणजे कल्याणला, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, सगळ्या मंडळीला भाकर आणि द्राक्षरस देतात. वडिलांनी लहानपणी शिकवलं होतं की कोणाबद्दल मनात काही ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही. म्हणून आदल्या शनिवारी ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन मन रिकामं करून यायचं. मन त्यांचं रिकामं झालं, माझं भरलं. मी आत येऊन ह्यांना सगळं सांगितलं, तर हे म्हणाले, "बाई हुशार दिसते." पुढचे दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही, आणि त्याबद्दल मात्र माझी क्षमा कोणी मागितली नाही.

दुसऱ्या महिन्यात त्या पुन्हा आल्या. या खेपेला मी 'ढोंगी' होते. मी म्हणाले, अहो बाई, हे सगळं आपल्या घरी डोळे मिटून देवाला सांगितलं तर चालत नाही का? आम्हीही सांगतो की रोज दिवा लावताना. त्यांनी अगदी खरोखर विचार केला आणि म्हणाल्या, "पण देवाला मी ढोंगी म्हणाले नव्हते, तुम्हाला म्हणाले होते." मी चहा टाकला. तेव्हापासून आमची मैत्री सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

साळवेबाईंचा देव आमच्यासारखा देवघरात बसत नसे, त्यांच्याबरोबर बाजारात यायचा. आम्ही दोघी एकदा पाणीपुरी खायला उभ्या होतो. भय्याने पहिली पुरी फोडून भरली, बाईंच्या द्रोणात ठेवणार तोच बाईंनी डोळे मिटून मान खाली घातली. भय्याचा हात हवेत, पुरीतून पाणी गळतंय, मागच्या दोन मुली वाट बघतायत. एका सज्जन गृहस्थाला वाटलं बाईंना घेरी आली, त्याने 'आंटी, आंटी' करत त्यांच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला. बाईंनी 'आमेन' म्हणून डोळे उघडले, पदराने तोंड पुसलं, त्याला धन्यवाद दिले आणि पुरी खाल्ली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी दबक्या आवाजात विचारलं की आता प्रत्येक पुरीला हे असंच का? "नाही हो, सहांची एकदमच केली," त्या म्हणाल्या.

परबांची गोष्ट तर अख्ख्या मानपाडा रोडला माहीत आहे. परब म्हणजे सेक्रेटरीपणासाठीच जन्माला आलेला माणूस. सूचनाफलकावर ते रोज एक सूचना लावत आणि तिच्याखाली सही करत. साळवेबाईंनी नाताळची चांदणी गॅलरीत लावली तेव्हा 'दिवाळी संपली असून आकाशकंदील उतरवावेत' अशी सूचना लागली. त्याच आठवड्यात परब लिफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध पाऊण तास अडकले, आणि त्यानंतरच्या शनिवारी बाई त्यांच्या दारात गेल्या. "परबसाहेब, चांदणीच्या रागात मी प्रार्थना केली होती की तुम्ही लिफ्टमध्ये अडकावं. आणि तुम्ही अडकलात. मला फार भीती वाटली हो. देव सगळंच ऐकतो असं मला वाटलं नव्हतं. क्षमा करा." परबांनी क्षमा तर केलीच, वर सूचनाही काढली आणि पुढचे सहा महिने जिन्यानेच ये-जा केली. चांदणी अर्ध्या जानेवारीपर्यंत लटकत होती, कोणाची बिशाद नव्हती काही म्हणायची.

पण त्याच परबांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा रोज सकाळी त्यांना पुसून काढायला, कूस बदलायला साळवेबाई जायच्या. सात महिने जात राहिल्या. परबांच्या सुनेला ते जमत नव्हतं, परबांना बघवत नव्हतं. एका पहिल्या शनिवारी बाई म्हाताऱ्यांच्या उशाशी बसल्या आणि म्हणाल्या की बाबा, काल तुमची कूस बदलताना माझी पाठ भरून आली आणि मी मनात म्हणाले, आता सुटा एकदाचे. म्हातारे फार दिवसांनी हसले. म्हणाले, बाई, मीपण रोज तेच म्हणतो, पण माझं कोण ऐकतंय, तुमचं ऐकतात तर तुम्हीच सांगा वर. त्या घरात कित्येक महिन्यांत कोणी हसलं नव्हतं. परब हे सांगताना अजूनही चष्मा काढून पुसतात.

हळूहळू असं झालं की बाई कोणाकडे गेल्या आणि कोणाकडे नाही याच्यावर लोक लक्ष ठेवू लागले. चौथ्या मजल्यावरच्या जोशीवहिनींना वाईट वाटायला लागलं, की तीन वर्षं झाली, साळवेबाई माझ्याकडे एकदाही का नाही आल्या? माझ्याबद्दल वाईटसुद्धा काही वाटत नाही का कोणाला? मी ते बाईंच्या कानावर घातलं. त्या पुढच्याच शनिवारी वर जाऊन म्हणाल्या, "वहिनी, तीन वर्षांत मी तुमचा कधी विचारच केला नाही. हे सगळ्यांत वाईट. क्षमा करा." जोशीवहिनींचा मुलगा परदेशात आहे, त्याचा फोन कधी येतो, कधी येत नाही. त्यानंतर दर गुरुवारी साळवेबाई तिथे जाऊन बसत. दोघी मिळून त्या मुलाला मनसोक्त शिव्या देत असत. मग साळवेबाई त्या मुलाची क्षमा फोनवरून मागत, आणि त्यामुळे त्याचे फोनही वाढले म्हणतात.

आता माझ्या बहिणीचं सांगायला हवं, कारण तिथेच सगळं बिनसलं. माझी धाकटी बहीण नलू टिटवाळ्याला राहते, देवळापासून पाच मिनिटांवर. मी दर संकष्टीला टिटवाळ्याच्या गणपतीला जाते, आणि नऊ वर्षं तिच्या दारावरून परत येत होते. कारण एक साडी. नलूने मला माझ्या मुलाच्या मुंजीत चिंतामणी रंगाची साडी दिली होती, मी आळशी म्हणून तिने स्वतःच फॉल लावून. मला तो रंग कधी आवडला नाही. साडी कपाटात पडून राहिली. पुढे कित्येक वर्षांनी नलूच्या मुलाचं लग्न निघालं, घाईगर्दीत मी कपाटातली एक न नेसलेली साडी उचलली, नव्या पिशवीत घातली आणि तिला मानाची म्हणून दिली. नलूने ती चाळीस माणसांत उलगडली, काठ उलटा करून बघितला आणि म्हणाली, "ताई, ही माझीच साडी आहे. हे टाके माझे आहेत. त्या रंगाचा दोरा संपला म्हणून मी हिरव्याने घातले होते." त्या क्षणी मी हसून घेतलं असतं तर संपलं असतं. पण विहीणबाई बघत होत्या. मी म्हणाले, काहीतरीच काय, परवाच ठाण्याहून आणली. फॉल लावलेली? तिने विचारलं. हल्ली ठाण्याला लावूनच देतात, मी म्हणाले... मग ती जे बोलली ते बोलली, मी जे बोलले ते बोलले, आणि आम्ही न जेवता निघून आलो.

गेल्या थंडीत साळवेबाई एकदा माझ्याबरोबर टिटवाळ्याला आल्या. देवळात आल्या नाहीत, म्हणाल्या, तुमच्या देवाशी माझं भांडण नाही, पण हात जोडायचं नाटक मी करणार नाही. बाहेर बसून माझ्या चपला सांभाळल्या. परतताना रिक्षातून तिची इमारत दाखवत मी त्यांना नलूची गोष्ट सांगितली. म्हणजे माझी बाजू सांगितली, ज्यात साडी ठाण्याचीच होती. बाई कळवळल्या. 'काय ही बहीण!' असं म्हणाल्या. मला इतकं बरं वाटलं की त्यानंतर चार महिने मी दर दोन दिवसांनी त्यांना नलूबद्दल काही ना काही पुरवत राहिले. हे आता लिहिताना लाज वाटते आहे, पण लिहिते.

आणि मग त्या मधल्याच वारी आल्या, शनिवार नसताना. म्हणाल्या, "काल टिटवाळ्याला जाऊन आले. तुमच्या बहिणीला एकदाही न बघता चार महिने मी मनात दुष्ट म्हणत होते. गेल्या प्रभुभोजनाला मला घास गिळता येईना. त्यांची क्षमा मागून आले." घरातली गोष्ट ही बाई त्या दारात जाऊन सांगून आली? नलू काय म्हणाली, मी विचारलं. भेटल्या, एवढंच त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "कुंदाताई, ती साडी खरंच ठाण्याची होती का हो?" खरं सांगते, त्या वेळी खरं बोलणं जगात सगळ्यांत सोपं होतं. समोर जी बाई बसली होती तिने आयुष्यभर दुसरं काही केलं नव्हतं. मी उठून दार उघडलं आणि म्हणाले, "तुमचा धर्म तुमच्या घरात ठेवा. माझ्या दारात आणायचा नाही." त्या 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. दार मीच लावलं, जरा जोरात.

अंत्यविधीला आम्ही अख्खी सोसायटी मिनीबस करून कल्याणला गेलो. परबांनी हार आणि उदबत्तीचा पुडा घेतला होता, आणि चालतं की नाही हे विचारायचं धाडस होत नव्हतं म्हणून पुडा शेवटपर्यंत खिशात राहिला. पेटी-तबल्यावर मराठी भजनं चालली होती, त्यांच्या मंडळीतले लोक एकमेकांना हळू आवाजात सलाम करत होते. तिथले पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणाले, ज्यांना चार शब्द बोलायचे आहेत त्यांनी बोलावे. परब उठले आणि त्यांनी लिफ्टची गोष्ट सांगितली. चर्चमध्ये हसावं की नाही हे आम्हाला कळेना, तेवढ्यात त्यांचीच मंडळी हसायला लागली, मग आम्हीही. मग एकेक जण उठत गेला आणि बाईंनी आपल्याला मनात काय काय म्हटलं होतं ते सांगत गेला. जोशीवहिनींनी तर अभिमानाने सांगितलं. शेवटी पाळक म्हणाले, एस्तेरबाईंनी मलाही दोनदा सांगितलं होतं की प्रवचन लांबलं की त्या मनात मला काय म्हणतात, म्हणून आज थोडक्यात आवरतो. सगळे हसत होते आणि डोळे पुसत होते. ह्यांनी मला कोपराने ढोसलं. मी उठले नाही. 'ढोंगी' हा शब्द सांगायला मला काही वाटलं नसतं, पण तो खरा होता आणि ते सांगायची हिंमत झाली नाही.

महिना असाच गेला. पुढचा पहिला शनिवार आला तेव्हा सकाळपासून मला घरात बसवेना. चार वाजता कोणी येणार नव्हतं. संकष्टी नव्हती, काही नव्हतं, तरी मी टिटवाळ्याला गेले, देवळाकडे न वळता सरळ नलूच्या इमारतीत शिरले आणि बेल दाबली. नलूने दार उघडलं. केस सगळे पांढरे झालेत तिचे. तिने काही विचारायच्या आत मी बोलून टाकलं, कारण थांबले असते तर पुन्हा ठाणं तोंडात आलं असतं. "नलू, साडी तुझीच होती. मी चाळीस माणसांत खोटं बोलले. क्षमा कर." ती म्हणाली, "हे कळायला तुला नऊ वर्षं लागली? हिरवा दोरा मला तेव्हाच दिसला होता." आणि तिथे दारातच आमचं भांडण सुरू झालं. विहीणबाई, ठाणं, न जेवता गेलो ते... सगळं. समोरच्या बाईंनी दार उघडून बघितलं आणि लावून घेतलं. मला आतून इतकं बरं वाटत होतं! नऊ वर्षांनी माझी बहीण माझ्याशी भांडत होती.

मध्येच ती थांबली. म्हणाली, "ती तुझी मैत्रीण आलेली ना, साळवे, तिने येऊन मला सांगितलं की मी तुम्हाला दुष्ट म्हणत होते. मला वाटलं तूच पाठवलीस, मला ऐकवायला. मी नाही नाही ते बोलले त्यांना. एवढ्या उन्हातून आलेल्या, पाणीसुद्धा विचारलं नाही. तू उभी आहेस ना, तिथेच उभ्या होत्या. गप्प ऐकून घेतलं आणि सलाम करून गेल्या." मग ती अगदी लहानपणी मागायची तशा आवाजात म्हणाली, "पुढच्या वेळी त्यांना घेऊन ये ना ताई. मला माफी मागायची आहे त्यांची."

त्या गेल्या, असं मी सांगितलं. नलू उंबऱ्यावरच बसली. गुडघे दुखतात तरी मीही बसले. दोघींनीही त्या बाईला दारातून घालवून दिलं होतं, एका आठवड्यात, आणि तिने मला नलूचं आणि नलूला माझं काहीच सांगितलं नव्हतं. नलूने विचारलं, "मग आता मी कोणाची माफी मागू?"

लहानपणापासून ती मला असे प्रश्न विचारते आणि मी मोठी म्हणून उत्तर देते. मी म्हणाले, "माझी माग. कर सुरुवात."

"तुझी? का म्हणून?" ती उसळून म्हणाली. मग डोळे पुसले, आणि गेल्या नऊ वर्षांत ती मला मनात काय काय म्हणाली होती ते तिने सांगायला घेतलं. गाढव त्यात अगदी सुरुवातीलाच आलं. दिवेलागण झाली, तिने मला आत नेलं, पाणी दिलं, चहा दिला, पिठलं-भात वाढला, आणि एकीकडे सांगतच होती. मी रडत होते, हसत होते आणि जेवत होते. शेवटी गाडीची वेळ झाली म्हणून मला उठावं लागलं. अजून तिचं सगळं सांगून झालेलं नाही. येत्या शनिवारी ती उरलेलं सांगायला डोंबिवलीला येणार आहे, चार वाजता.